पद्माक्काचं बाड आणि माझे आठ महिने

पद्माक्का गेल्याचं मला शाळेत कळलं. चौथीच्या मुलींना मी फळ्यावर गणितं घालत होते, तेवढ्यात शिपाईण दारात आली आणि म्हणाली, "बाई, निपाणीहून माणूस आलाय. तुमच्या मैत्रीण वारल्या म्हणं… तीन दिवसांच्या तापानं." मी हातातला खडू खाली ठेवला. अशा वेळी आभाळ कोसळलं, पायाखालची जमीन सरकली असं लिहायची रीत आहे. माझं तसलं काही झालं नाही. माझ्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की आता तिचं दुसरं पुस्तक येणार नाही. आणि ते मनात आल्यावर मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग स्वतःचीच इतकी शरम वाटली, की मी खडू उचलला आणि उरलेली तीन गणितं पुरी करूनच वर्गाबाहेर पडले.

तिच्यावरच्या या पुरवणीच्या संपादकांनी मला पत्र घातलं, "तुम्ही त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रीण, तेव्हा तुम्हीच लिहा." जिवाभावाची मी होतेच. पण तीस वर्षं मी तिच्यावर जळत होते हेही तितकंच खरं आहे, आणि ते गाळून लिहायचं म्हणजे पीठ न घेता भाकरी थापण्यातला प्रकार. तेव्हा वाचणाऱ्यांनी मला बरंवाईट काय म्हणायचं ते म्हणावं. पद्माक्कानं आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, गुंजीच्या चंद्राक्का या गाणाऱ्या बाईंचं चरित्र. बेळगावपासून हुबळीपर्यंत बैठका गाजवलेल्या या बाईंना लोक विसरून गेले होते. त्या पुस्तकानं त्यांना पुन्हा घरोघरी नेलं. आणि ते पुस्तक मी लिहायचं होतं. मी! हे तिलाही माहीत होतं, मलाही, आणि आमच्या शाळेतल्या झाडूवालीलाही, कारण पंधरा वर्षं मी येईल त्याला सांगत सुटले होते.

आमची ओळख बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजातली. वडील खानापूरला मास्तर, त्यामुळे मी पुस्तकातलं मराठी बोलत, नाकावर माशी बसू न देता वसतिगृहात शिरले. माझ्या शेजारच्या खाटेवर ही. निपाणीच्या जैन तंबाखूवाल्यांची मुलगी, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींची अशी काही सरमिसळ की मला हसू आवरेना. दिवस मावळायच्या आत ती जेवून मोकळी व्हायची, आणि आम्ही बाकीच्या ताटावर बसलो की स्वयंपाकिणीशी गप्पा मारत चुलीपाशी बसायची. परीक्षेत पहिला नंबर माझा. तिचा कधी सातवा, कधी नववा. पण स्वयंपाकिणीचा नवरा तिला का सोडून गेला, फाटकावरच्या म्हाताऱ्याचा मुलगा पलटणीत कसा गेला, हेडबाई रविवारी चर्चजवळच्या झाडाखाली का बसतात, हे सगळं पद्माला ठाऊक असायचं. लोक आपण होऊन तिला सांगत. मी विचारलं तर मला म्हणत, "काय न्हाय बाई, बरं चाललंय." मला पहिला नंबर मिळून काय मिळालं, हे मला त्या दोन वर्षांत कळलं होतं. कबूल मात्र आज करते आहे.

पुढं तिचं लग्न झालं आणि दीड वर्षात ती कुंकू पुसून माहेरी आली. नोकरी करू द्यायला घरचे तयार नव्हते. मग ती भावाच्या वखारीत तंबाखूची पानं निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसायला लागली, आणि तिथलीच झाली. वयानं माझ्याएवढी, पण त्या बायका तिला आक्का म्हणायच्या म्हणून मीही पद्माक्का म्हणायला लागले. दर दोन महिन्यांनी ती मोटारीनं बेळगावला यायची. "तू एकदा तरी ये की गं निपाणीला, वखार बघ आमची," असं दर खेपेला म्हणायची. मी म्हणायची, मला तंबाखूचा वास सोसत नाही. खरं म्हणजे, जिथं सगळे तिचं कौतुक करणार तिथं जायला माझं पाऊल उचलत नव्हतं.

आता चंद्राक्कांचं सांगते. माझे मामा गुंजी स्टेशनावर रूळ बदलणारे सांधेवाले होते, त्यामुळे माझी सगळी सुटी गुंजीला. चंद्राक्कांनी उतारवयात हातातल्या पाटल्या मोडून तिथंच घर घेतलं होतं, मागं चार माड आणि एक विहीर. बैठका त्यांनी सोडल्या होत्या, पण नवरात्रात देवळात एक दिवस गायच्या. मी दहा वर्षांची असेन. खांबाला टेकून ऐकता ऐकता माझी मांडी सुन्न झाली, तरी मी हलले नाही. घरी गेल्यावर मामीनं पाठीत धपाटा घातला, तोही मला लागला नाही. तेव्हापासून त्या बाई माझ्या. दुसऱ्या कुणाच्या असू शकतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मोठी झाले, मास्तरीण झाले, थोरामोठ्यांची चरित्रं वाचली, आणि ठरवलं की या बाईंचं चरित्र आपण लिहायचं. पुरुष गवयांचं सगळे लिहितात, बाईचं कोण लिहिणार? जाड पुठ्ठ्याची वही आणली. शाळेच्या दाखल रजिस्टरात आखतो तसे रकाने आखले. प्रश्न काढले, एकूण चाळीस. आणि दिवाळीच्या सुटीत गाडीत बसून गुंजीला गेले.

चंद्राक्कांनी ओळखलं मला. "सांधेवाल्याची भाची न्हवं तू? बस की." मी बसले, टाक काढला, दौत उघडली, आणि वहीवर नजर ठेवून पहिला प्रश्न विचारला. वीस वर्षं मुलींच्या आयांना विचारून दाखले भरता भरता जे वळण पडलं होतं, त्याच वळणानं.

"यजमानांचं नाव?"

एवढ्या बैठका गाजवलेली बाई… जिच्या घरात कधी कुणी यजमान नव्हता, जिला लोकांनी जन्मभर तेवढ्यावरूनच ओळखलं आणि तेवढ्यावरूनच नावं ठेवली… तिला मी हे विचारलं. मला तेव्हासुद्धा कळलं नाही. टाक धरून मी उत्तराची वाट बघत बसले होते. त्यांनी माझ्या वहीत डोकावून बघितलं.

"मास्तरीणबाई, तुमच्या वहीत नवऱ्याचा रकाना पयला हाय व्हय?"

"म्हणजे… तसंच असतं हो. पद्धत आहे."

"मग माझं पान कोरंच ऱ्हाऊ दे." त्या उठल्या, आणि आतून मला माडाचा एक नारळ आणून दिला. "मामीला द्या. जावा आता, गाडी चुकंल."

गाडीला अजून तीन तास होते. मी स्टेशनच्या बाकावर तो नारळ मांडीवर घेऊन बसले. उरलेले एकोणचाळीस प्रश्न तसेच राहिले. पद्माक्काला मी लिहिलं, "म्हातारी फार तिरसट आहे, तिच्यापाशी सांगण्यासारखं काही उरलेलं नाही." कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय! पद्माक्का त्याच महिन्यात बेळगावला आली आणि तिनं मला सगळं खोदून विचारलं. मी यजमानांच्या प्रश्नाचं सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "आगं इंदे… काय केलंस गं ह्ये." मग म्हणाली, "तू सोडलंस का आता? सोडलं असशील तर मी जाऊन बघू?" तिनं विचारलं होतं, हे मला इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे. चोरून मारून ती गेली नाही. मीच मानभावीपणानं म्हटलं, "जा की. माझी काय ना नाही." मनात म्हटलं, जा आणि तूही नारळ घेऊन ये.

ती उन्हाळ्यात गेली, शेवयांच्या दिवसांत. वही नाही, टाक नाही. चंद्राक्कांच्या मागल्या सोप्यात गावच्या चार बायका शेवया करायला जमल्या होत्या, त्यांच्यात जाऊन पाटाशी बसली आणि पीठ मळायला लागली. एक शब्द विचारला नाही. चौथ्या दिवशी, दोघी मिळून काठ्यांवर शेवया वाळत घालत असताना, चंद्राक्का आपण होऊन म्हणाल्या, "माझी आई बी अशाच बारीक करायची. तिनं मला गाण्याला कुणाकडं आन् कसं सोडलं, सांगू तुला?" गेली होती आठ दिवसांसाठी, राहिली तीन आठवडे. भावानं तिच्याशी बोलणं टाकलं, की आपल्या घरची बाई असल्या घरात राहते म्हणजे काय! आणि तिकडं चंद्राक्कांनी काय करावं? या पाहुणीसाठी तीन आठवडे घरात कांदा-लसूण आणला नाही, आणि दिवस बुडायच्या आत चूल विझवली. मला त्या बाईनं घोटभर चहासुद्धा विचारला नव्हता. हे पद्माक्का मला कौतुकानं सांगत होती आणि मी नुसती जळत होते.

एकाच गोष्टीवर मी तग धरून होते. तोवर चंद्राक्कांचा गळा गेलेला होता. पद्माक्कानं त्यांना गाताना ऐकलं नव्हतं, कधीच नाही. "तू ऐकलंस गं त्यास्नी, तू भाग्याची," असं ती एकदा म्हणाली, आणि ते वाक्य मी पुढं कित्येक दिवस लिमलेटच्या गोळीसारखं चघळलं.

पुढच्या संक्रांतीनंतर ती लिहिलेलं बाड घेऊन माझ्याकडं आली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं, दोनशेच्या वर पानं. "तुझं मराठी चांगलं. बघ, लाल शाईनं काय ते खुणा कर. छापायच्या आदी मला ह्ये चंद्राक्काला वाचून दावायचं हाय. तसा शब्द दिलाय मी." मी म्हटलं, पंधरा दिवसांत देते.

दोन दिवसांत वाचलं मी ते. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा लक्षात आलं, की लाल शाईची बाटली मी अजून उघडलेलीच नाही. काय लिहिलं होतं तिनं! मी चाळीस प्रश्नांत जे विचारणार होते त्यातलं काहीसुद्धा त्यात नव्हतं. तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला म्हणून लहान मुलीसारख्या हमसून रडलेल्या चंद्राक्का त्यात होत्या. बैठकीला जाताना चुलीवरचं दूध उतू जाऊ नये म्हणून गाडीवान थांबवून परत आलेल्या चंद्राक्का होत्या. "तुला असलं वाक्य सुचतं कसं?" असं मी तिला आधी एकदा तिच्या पत्रातल्या ओळीवरून विचारलं होतं, तर म्हणाली होती, "मी लिवत न्हाय गं, सांगते." मला तो आढ्यतेखोरपणा वाटला होता. वाचताना मात्र मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच राग येत होता. मी बाड परत फडक्यात बांधलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली.

आठ महिने. पंधरवड्याला तिचं कार्ड यायचं, "वाचून झालं का?" मी लिहायची, वाचते आहे, परीक्षा आहेत, डोळे दुखतात, चष्मा बदलायचा आहे. तिकडून चंद्राक्का स्टेशनमास्तरांकडून कार्ड लिहून घेऊन तिला विचारायच्या, "माझं पुस्तक कवा वाचून दावतीस? मी आता पिकलं पान." पद्माक्का ती कार्डं मला दाखवायची आणि म्हणायची, "म्हातारीला लई घाई झालीया बघ." त्यावरही मी कपाट उघडलं नाही. नक्की काय हवं होतं मला? ते पुस्तक होऊ नये असं? तसं नव्हे. ते तिचं असू नये, एवढंच. आणि किल्ली माझ्या कनवटीला असेपर्यंत ते थोडंतरी माझं होतं.

दिवाळीच्या आधी चंद्राक्का गेल्या. आपल्या आयुष्याची एक ओळ कानावर न पडता गेल्या.

बारा-तेरा दिवसांनी पद्माक्का आली. सकाळची वेळ. मी किल्ली फिरवून कपाटातून बाड काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं फडकं सोडलं आणि एकेक पान उलटत गेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेवढ्या वेळात मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडून आले.

"एक बी खूण न्हाय गं, इंदे."

"चुकाच नाहीत."

"आठ म्हैने वाचलंस… आन् चूक न्हाय?"

तिनं पानं सारखी केली, फडक्याची गाठ मारली.

"मग लई चांगलं झालंया म्हण की," ती म्हणाली.

दुसरं काही नाही. आदळआपट नाही, टोमणा नाही. ती भांडली असती तर मीही कंबर कसून भांडले असते, आणि दोघी मोकळ्या झालो असतो. पण तिनं माझ्या हातची भाकरी-भाजी दिवसाउजेडी खाल्ली, मोटार पकडली आणि पुढं जन्मात तो विषय काढला नाही. पुस्तक निघालं, लढाईच्या दिवसांतल्या त्या भुरकट, खरबरीत कागदावर. तिच्या प्रस्तावनेच्या दोन शब्दांत शेवटी होतं, "माझी मैत्रीण इंदूबाई हिने हे बाड काळजीपूर्वक सांभाळले." लोकांनी माझं अभिनंदन केलं. सांभाळले! वाचले असं लिहिलं नव्हतं तिनं. पुढं आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभात दरवर्षी ते पुस्तक मुलींना द्यायचं ठरलं, आणि देणार कोण, तर मी. हसतमुखानं एकेका मुलीच्या हातात ठेवायची आणि दात आवळून टाळ्या वाजवायची.

आणि तरी ती येतच राहिली. दर दोन महिन्यांनी, पिशवीत माझ्यासाठी काहीतरी घेऊन…

ती गेल्यावर महिन्याभरानं, जिवंतपणी जे पाऊल उचललं नाही ते मी उचललं. संकेश्वरावरून निपाणीला गेले. तिच्या भावाला भेटायचं, चार शब्द बोलायचं आणि परत फिरायचं असा बेत. पण तिचे भाऊ आण्णा म्हणाले, "वखारीत जाऊन या. बायका तुमची वाट बघत्यात." मला वाटलं, उगीच आपलं बोलायचं म्हणून बोलतायत.

वखार म्हणजे उंच पत्र्याची लांबलचक खोली, आणि तो वास… डोळ्यांत पाणीच आलं. तीसेक बायका रांगेनं बसलेल्या. मध्ये एक जागा मोकळी, तिथं नुसतं पोतं अंथरलेलं. लक्ष्मव्वा नावाच्या म्हातारीनं मला तिथंच बसवलं.

"तुमीच इंदूबाई न्हवं?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"आमाला समदं म्हाईत हाय. खानापूरचे मास्तर, तुमचा पयला नंबर, गुंजीचं देऊळ, मामीचा धपाटा. आक्का सांगत हुत्या तुमची गोष्ट."

माझी? लक्ष्मव्वानं पानं निवडता निवडता सांगितलं. आक्का रोज इथं बसून सांगायची. चंद्राक्कांचं सगळं पुस्तक आधी इथं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. कुणाला एखादं पटलं नाही तर ती बाई तोंडावर म्हणायची, आक्का, ह्ये खरं वाटत न्हाय. मग दुसऱ्या दिवशी आक्का तेच फिरवून सांगायची. सगळ्यांना पटलं, की घरी जाऊन लिहायची. ज्या वाक्यांवर मी आठ महिने जळले, ती अक्षरओळख नसलेल्या या बायकांनी पारखून दिली होती. आणि दुसरं पुस्तक, जे येणार नाही म्हणून मला बरं वाटलं होतं, ते माझ्यावर होतं.

"मग कुठवर आलं ते?" मी विचारलं.

"ते अडकलंया," लक्ष्मव्वा म्हणाली. "दोन वर्सं झाली. तुमी ते बाड कपाटात ठिवलं, तितवर आलं आन् थांबलं. आमी इचारलं, आक्का, का ठिवलं वं तिनं? तर म्हणाल्या, मला ठावं हाय, पन ते मी सांगायचं न्हाय. तिचं हाय ते. ती येईल तवा तीच सांगंल."

तीस बायकांचे हात थांबले होते.

"त्या वर्षी परीक्षांचं काम फार होतं. त्यात डोळ्यांचा त्रास…"

"ह्ये न्हाय खरं वाटत, बाई," पलीकडून एक तरणी बाई म्हणाली. रागानं नाही, एखादं कुजकं पान बाजूला काढावं तसं.

मग मी सांगितलं. माझ्या शाळेत, माझ्या घरात, देवापुढंसुद्धा जे बोलले नव्हते ते सांगितलं. की मला तिचा हेवा वाटला. चंद्राक्का माझ्या होत्या आणि त्यांनी तिला सांगितलं, मला नाही. ती माझ्यापेक्षा चांगलं लिहीत होती, म्हणून मी किल्ली फिरवली. आणि एक म्हातारी आपलं पुस्तक ऐकायची वाट बघत मेली, ती माझ्यामुळं.

कुणी च्च् केलं नाही. कुणी "जाऊ दे बाई" असंही म्हटलं नाही.

"आन् ह्ये ठावं आसून आक्का तुमच्याकडं यायच्या?" लक्ष्मव्वानं विचारलं.

"दर दोन महिन्यांनी."

"मग रडा की आता, बाई. आमच्याम्होरं कशाला लाजताय?"

आणि मी रडले. महिन्याभरात पहिल्यांदा, मोठ्यानं, तंबाखूनं शिंका येत असताना, पदराला नाक पुसत. बायका पुन्हा पानं निवडायला लागल्या. पद्माक्का वीस वर्षं रोज या पोत्यावर बसून बोलली होती आणि या बायकांनी तिचा शब्द न् शब्द ऐकला होता. मी एवढी जवळची, तर मी तिचं काय ऐकलं? रडता रडता मला त्या सगळ्यांचाही हेवा वाटत होता. काय करू?